उजव्यापेक्षा दोन इंच जास्त

"बोंबलू नगंस पोरी. वात हाय त्यो, दुखल्याबिगर निघायचा न्हाई," असं म्हणत गोजराक्कानं माझ्या डाव्या पोटरीत अंगठा रुतवला आणि मी बाजेवरनं अर्धी उठून तिचं मनगट धरलं.

"आक्का, सोडा. खरंच सोडा."

"आगं बया! बाळंतीण हायस का फौजदार?" ती हसली, पण हात काही सोडला नाही. तेल लावलेलं तिचं मनगट माझ्याच मुठीतनं निसटलं आणि अंगठा पुन्हा होता तिथं गेला.

माझं सिझर होऊन बारा दिवस झाले होते. दोन हजार तीन साल, फेब्रुवारी संपत आलेला. विट्याला माहेरी होते. पोटाला टाके, म्हणून पाठ आणि पाय एवढीच मालीश चालायची. गोजराक्का आमच्या गल्लीची मालीशवाली. चाळीस वर्षं हेच काम. मलासुद्धा तिनंच पायावर घेऊन न्हाऊ घातलेलं, त्यामुळे तिच्यापुढं तोंड उघडायचं म्हणजे मास्तरांना पाढे शिकवायला जाण्यातला प्रकार.

"आई, अगं सांग की हिला," मी म्हटलं.

आई दारात उभी होती. खांद्यावर माझी लेक, हातात तुपाची वाटी. "चांगलं रगड गं गोजरा," ती म्हणाली. "ही लहानपणापासनं नाजूक नार हाय. तिचं नको ऐकूस."

आता इथंच माझा गोंधळ सुरू झाला. कारण माझी आई म्हणजे साधी शिंक आली तरी रिक्षा बोलावणारी बाई. आम्हा भावंडांच्या प्रत्येक तापाला तिनं डॉक्टरची पायरी झिजवलेली. वडील गेल्यावर तर जास्तच. आणि हीच आई, तीन दिवस मी "पाय दुखतोय, पाय दुखतोय" म्हणून सांगतेय तर म्हणते, रगड. मला वाटलं, हिला बहुतेक माझा कंटाळा आला. बाळंतीण बाई रडकी होते म्हणतात, तशी मी झाले असेन.

आमच्याकडं बाळंतिणीनं सव्वा महिना बाजेवरून उतरायचं नाही. खिडकी बंद, कानाला रुमाल, बाजेखाली शेगडी. खायला डिंकाचे लाडू आणि अळिवाची खीर. पाण्याचं म्हणाल तर दिवसाला चार फुलपात्री, तीही शोपा घालून उकळलेली. जास्त प्यायलं की पोट सुटतं म्हणे. मी नाहणीपर्यंत जायचे आणि परत येऊन आडवी व्हायचे, एवढंच माझं चालणं. जीभ टाळ्याला चिकटायची. वहिनी, म्हणजे दादाची बायको रंजना, कधीतरी आईची नजर चुकवून पदराआड तांब्या आणायची.

त्या दिवशी गोजराक्का गेल्यावर मी लुगडं वर करून दोन्ही पाय शेजारी ठेवले आणि बघत बसले. डावा मला मोठा दिसत होता. जरा लालसर, जरा चकाकणारा. हात लावला तर गरम. पण शेगडीशेजारी सगळंच गरम, त्यात काय मोठंसं? पुन्हा पाहिलं तर वाटलं, सारखेच आहेत की. तिसऱ्यांदा पाहिलं तर डावा मोठा. डोळे मिटून घेतले. माझं मलाच कळेना.

"वहिनी," मी हाक मारली, "माझ्या पिशवीतली टेप दे गं. आणि खडू."

"आता ब्लाउज शिवताय होय वन्सं?"

इचलकरंजीला मी घरी शिलाई करायचे. आमचे हे यंत्रमागावर जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारे, त्यांच्या पगारावर भागायचं नाही. आठ वर्षांत हजारो ब्लाउज बेतले असतील. या धंद्यात एक गोष्ट पक्की शिकले होते. बाई म्हणते, मी बारीक झालेय. नवरा म्हणतो, जाड झालीय. दोघांचंही ऐकायचं नाही, टेप लावायची. आणि दोन्ही बाह्या मापायच्या असतील तर खांद्यापासून सारख्याच अंतरावर मापायच्या, नाहीतर एक बाही सैल होते आणि बाई दारात येऊन भांडते.

मी गुडघ्याच्या वाटीपासून चार बोटं खाली दोन्ही पायांवर निळ्या खडूनं रेघ मारली. उजवी पोटरी तेरा इंच. डावी पंधरा.

"पुन्हा बघा," वहिनी म्हणाली. तिचं हसू गेलं होतं.

पुन्हा पंधरा.

आईनं ते पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "काय खुळ्यागत करतीस उजे? पायाला टेप लावतं का कुणी? सूज बाळंतिणीला न्हाई यायची तर काय नवऱ्याला येणार?"

"दोन्ही पायांना का नाही आली मग?"

"वात एका अंगालाच उतरतो."

तिच्याकडं सगळ्याला उत्तर होतं. तरी मी हट्ट धरला म्हणून ज्यांनी सिझर केलं त्या डॉक्टरांकडं दुपारी नेलं. गुळवणी डॉक्टर, हसतमुख माणूस. टाके पाहिले, म्हणाले, "छान! एकदम सुरेख भरतायत." मी लुगडं जरा वर घेऊन पाय दाखवायला गेले तर त्यांनी लांबूनच मान हलवली. "बाळंतपणात सूज येतेच. मीठ कमी करा, पायाखाली उशी घ्या, ही गोळी घ्या. दोन दिवस बघू."

"डॉक्टर, उजव्यापेक्षा दोन इंच जास्त आहे."

"मापून आलात?" ते हसले. आईही हसली. बाहेर बाकावर वीस बाया बसलेल्या. कंपाउंडरनं पुढचं नाव पुकारलं. मी त्यांच्या हसण्यात सामील झाले, हे मला अजून आठवतं. लाज वाटली की माणूस हसतो.

घरी आल्यावर ह्यांचा फोन आला. मी सगळं सांगितलं. तिकडं मागांचा खडखडाट, अर्धं त्यांना ऐकू गेलं नसेल. "अगं डॉक्टर म्हणाले ना? आई आहेत ना? त्यांनी चार बाळंतपणं काढलीत. उगाच मनात काही आणू नको."

फोन ठेवून मी बाजेवर पडले. लेक कुशीत चुळबुळ करत होती. डॉक्टरला कळतं, आईला कळतं, गोजराक्काला कळतं, नवऱ्याला तर न बघताच कळतं. पाय माझा, आणि मला एकटीलाच कळत नाही, असं कसं? मग मी ठरवलं, आपलंच काहीतरी बिघडलंय. डोक्याचं. गोळी घेतली आणि झोपले. गोळीनं जरा बरंही वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाहणीपर्यंत गेले. दहा पावलं असतील. परत येताना चौकटीला धरून उभी राहिले, कारण दम लागला होता. जिना चढून आल्यासारखा दम. श्वास ओढला तर उजव्या बरगडीखाली कुणीतरी सुई टोचली. मी श्वास अर्धाच घेतला. पुन्हा पूर्ण घेऊन पाहिला. पुन्हा सुई.

"आई, मला दम लागतोय."

"वारा भरलाय छातीत. ओवा खा." ती चुलीपाशी होती, वळलीसुद्धा नाही. "गोजरा यील आता."

मी टेप घेतली. कालची रेघ पुसट दिसत होती. पावणेसोळा.

आता घाबरले. आणि घाबरल्यावर गंमत अशी झाली की, माझा गोंधळ कमी झाला नाही, उलट वाढला. पाय सुजलाय तर दम का लागतो? पाय कुठं आणि छाती कुठं? या दोन्हींचा एकमेकांशी काय संबंध? कुणाला विचारलं असतं तर म्हणाला असता, बाई, एक काहीतरी सांग. माझ्याकडं नाव नव्हतं त्याला. ताप म्हटलं की लोक कपाळाला हात लावतात, उलटी म्हटली की लिंबू कापतात. मी काय सांगणार होते? टेप दाखवणार होते फक्त.

अंगणात गोजराक्काच्या चपला वाजल्या. तेलाची वाटी चुलीवर तापत होती.

"आक्का, आज मालीश नको."

"का गं?"

"नको म्हटलं ना! माझा पाय आहे, मी हात लावू देणार नाही." माझा आवाज इतका चढला की लेक दचकून रडायला लागली. "वहिनी, जीप बघ. मी मिरजेला चाललेय. मोठ्या दवाखान्यात."

"मिरजेला!" आई चुलीपासनं उठली. "तेरा दिसाची बाळंतीण, साठ किलोमीटर जीपमध्ये हादरे खात? वारं लागंल, टाकं तुटतील, लेकराला काय व्हायचं ते वायलंच. गुळवणी डॉक्टरांनी दोन दिवस सांगितलंय."

"तेव्हा दम लागत नव्हता."

"मी न्हाई म्हणते ना उजे!"

"मग मी चालत जाते स्टँडवर." आणि मी खरंच उठले. कानाचा रुमाल सोडून बाजेवर टाकला. दोन पावलं टाकली आणि पुन्हा चौकट धरली. चालत जाणारी बाई! दारापर्यंत पोचले नव्हते अजून.

वहिनी एव्हाना घरात नव्हती. रंजना वहिनी म्हणजे सासूसमोर पदर सारखा करणारी, आवाज न काढणारी. दादा द्राक्षांची गाडी घेऊन दिल्लीकडं गेलेला, त्यामुळे पुरुषमाणूसही घरात नाही. तीच वहिनी तोंडातनं शब्द न काढता गेली आणि कोपऱ्यावर शिटा भरणाऱ्या वडापच्या जीपवाल्याला घेऊन आली. जीप दारात उभी करून म्हणाली, "वन्सं, बसा. लेकराला मी घेते. आत्याबाई, परत आल्यावर मला काय बोलायचं ते बोला."

मी मागच्या सीटवर पाय लांब करून आडवी झाले. आई पळत आली. पायात चप्पल नाही. तिनं जीपचं दार दोन्ही हातांनी धरलं आणि लावू देईना.

"नको नेऊ गं तिला," ती वहिनीला म्हणत होती. पण आवाज भांडणाचा नव्हता. "शालनला बी असंच नेलं. असाच पाय, असाच दम. माझ्याच हातातनं उचलून जीपमध्ये घातली. तासगावबी आलं न्हाई. वाटंतच गेली."

मी तिच्या तोंडाकडं बघत राहिले. शालनमावशी आईची धाकटी बहीण. बाळंतपणात गेली, एवढंच आम्हाला माहीत. घरात तिचं नाव निघालं की आई उठून जायची.

"आठ दिस मी चोळत हुते तिला," आई म्हणाली. "माझ्या हातानं. उतरत आलं हुतं. आणि घरच्यांनी सगळ्यांनी मालीश थांबवली नि दवाखान्यात न्यायला निघाले. थांबवली म्हणून गेली ती. तुझं मी थांबवू देणार न्हाई."

म्हणजे हे असं होतं. तीन दिवस मी समजत होते की आईला माझी काळजी नाही.

तिचं खरं असेल तर मी मरायलाच निघाले होते. तिचं खोटं असेल तर घरी राहून मरणार होते. मला दोन्हीतलं काहीच ठाऊक नव्हतं. पण श्वास घेतला की सुई टोचत होती, आणि ती टोचते की नाही हे तरी मला कुणाला विचारायची गरज नव्हती.

"आई, बस आत," मी म्हटलं. "माझं डोकं मांडीवर घे. पण मी जाणार."

ती बसली. साठ किलोमीटर तिनं माझं डोकं दोन्ही हातांत धरून ठेवलं होतं. तासगाव आलं तेव्हा तिनं डोळे गच्च मिटले. तासगाव मागं पडलं तेव्हा तिनं माझ्या नाकापुढं बोट धरून पाहिलं.

मिरजेच्या त्या दवाखान्यात टेबलाशी एक तरुण डॉक्टरीणबाई बसलेली. समोर ही रांग. नाव, वय, पत्ता लिहिताना मान खाली. "काय होतंय?"

जीपमध्ये मी सगळं पाठ करून ठेवलं होतं. "सिझरला तेरा दिवस झाले. चार दिवस डावी पोटरी दुखतेय. काल उजवीपेक्षा दोन इंच जास्त होती, आज पावणेतीन इंच जास्त आहे, मी स्वतः टेपनं मापलंय, एकाच जागी. पाय लाल आणि गरम आहे. आज सकाळपासून दम लागतो आणि श्वास घेतला की इथं टोचतं. मला घरी जायला सांगू नका."

शेवटचं वाक्य पाठ केलेलं नव्हतं. ते आपोआप निघालं.

तिनं पेन खाली ठेवलं. पहिल्यांदा मान वर केली, उठून टेबलाला वळसा घालून आली आणि माझं लुगडं गुडघ्यापर्यंत सरकवलं. निळ्या रेघा अजून होत्या. तिनं दोन्ही पाय पाहिले आणि ओरडली, "स्ट्रेचर आणा! बाई, तुम्ही एक पाऊलही टाकायचं नाही."

मग सगळं भराभर झालं. बोटाला चिमटा, नाकाला नळी, दंडात सुई, पायावर थंडगार जेल लावून टीव्हीसारखं मशीन. कुणी मला विचारत होतं, कुणी एकमेकांना सांगत होतं. मी इतका वेळ कुणीतरी ऐकावं म्हणून जीव तोडत होते, आणि आता सगळे ऐकायला लागले तर मला रडू आवरेना.

आई लेकराला घेऊन बाहेर होती तेव्हा ती डॉक्टरीणबाई माझ्याशेजारी बसली. म्हणाली, पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी झालीय, पोटरीपासून मांडीपर्यंत. तिचा एक तुकडा सुटून फुफ्फुसात गेलाय. बारकाच आहे. मोठा गेला असता तर तुम्ही हे ऐकायला नसता. बाळंतपणानंतर रक्त घट्ट असतं, त्यात सिझर, त्यात पडून राहणं, त्यात पाणी कमी. इंजेक्शनं चालू केलीत, बऱ्या व्हाल.

"पाय कुणी चोळला होता का?" तिनं विचारलं.

"हो. रोज."

तिनं ओठ आवळले. "चोळल्यानं गुठळी सुटते आणि वर जाते. असा पाय असेल तर त्याला हातसुद्धा लावायचा नसतो."

मी छताकडं बघत पडले. आठ दिवस, आई म्हणाली होती. माझ्या हातानं.

संध्याकाळी आई आत आली. बाजूच्या स्टुलावर बसली, माझ्या कपाळावरचे केस मागं केले. मग हळूच म्हणाली, "मालिशीचं काय म्हणाली गं बाई?"

सबंध दिवस मी कुणाचं म्हणून ऐकलं नव्हतं. डॉक्टरचं नाही, नवऱ्याचं नाही, आईचं तर नाहीच. खरं ते खरं म्हणून साठ किलोमीटर आले होते. आणि आता ती माझ्याकडं बघत होती.

"काही नाही म्हणाली," मी म्हटलं. "मी विचारलंच नाही."

"बरं," आई म्हणाली, आणि पायाशी पांघरूण नीट करायला गेली. पांघरूण घालताना तिनं माझ्या पायाला हात लागू दिला नाही. मला वाटलं, सूज बघून घाबरली असेल.

अकरा दिवसांनी घरी आले. सहा महिने रक्त पातळ करायच्या गोळ्या खाल्ल्या. आईनं कधी विषय काढला नाही, मीही नाही. मला बरंच वाटायचं. एका बाईच्या वाट्याला किती म्हणून द्यायचं?

पुढच्या वर्षी यात्रेला माहेरी गेले होते. आई आणि मी बाजारातनं परत येत होतो. गल्लीत पतंग्यांच्या घरी मोठी लेक बाळंतपणाला आलेली, म्हणून डोकावलो. खोलीत शेगडीची धग, तेलाचा वास, बाजेवर ती पोरगी, आणि खाली गोजराक्का तिचा पाय मांडीवर घेऊन बसलेली. पोरगी म्हणत होती, "आक्का, हळू. ह्याच पायात लई दुखतंय." आणि गोजराक्का म्हणत होती, "वात हाय त्यो."

माझ्या तोंडातनं शब्द फुटायच्या आत आई पिशवी टाकून पुढं झाली.

"गोजरा, हात काढ."

"का गं हौसा? काय झालं?"

"काढ म्हणते ना!" मी आईचा असा आवाज कधी ऐकला नव्हता. "माझी शालन मी माझ्या हातानं चोळून चोळून मारली. इकडं ही मरता मरता वाचली. हात काढ तिच्यावरचा."

पतंग्यांची म्हातारी आ वासून बघायला लागली. गोजराक्काची तेलकट बोटं तशीच हवेत राहिली. मी दारात उभी. वर्षभर मी जे तिच्यापासून लपवून ठेवलं होतं, ते तिनं भर खोलीत, चार बायांसमोर बोलून टाकलं. कधी कळलं, कुणी सांगितलं, का त्या दवाखान्यात मी खोटं बोलले तेव्हाच माझ्या तोंडावर वाचलं, देव जाणे. मी अजून विचारलेलं नाही.

आईनं माझ्याकडं पाहिलंही नाही. पदरानं डोळे पुसले, बाजेच्या कडेला टेकली आणि त्या पोरीच्या पाठीवर हात ठेवून विचारलं, "कधीपासनं दुखतंय बाळा? एकच पाय का दोन्ही? आणि दम लागतोय का गं?"